शेड मॅच होत नाहीये? रिपमधली रेसिपी बदलायच्या आधी हे तपासा

डिजिटल मशीनवर स्पॉट कलर (लोगोसारख्या कामात नाव किंवा नंबर देऊन ठरवलेला एकच रंग) मॅच करताना तोच तोच घोळ इतक्या वेळा निस्तरलाय की आता एकदाच सगळं लिहून ठेवतो, पुन्हा कुणी विचारलं की हेच पाठवायचं. टोनर मशीन डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, इंकजेटवाल्यांना यातलं बरंचसं तसंच लागू पडेल.

आधी लक्षणं. आपलं नेमकं कुठलं आहे ते बघा, कारण "शेड मॅच नाही" या एका वाक्यात सात-आठ वेगवेगळे आजार दडलेले असतात.

- लोगोचा निळा जांभळा मारतो. हा सगळ्यात कॉमन.
- केशरी किंवा भडक हिरवा मळकट येतो, कितीही टोनर ओता, उजळत नाही.
- राखाडी एका शीटवर गुलाबीसर, दुसऱ्यावर हिरवट.
- एकाच पानावर वरचा लोगो बरोबर आणि खाली फोटोवर बसवलेला तोच लोगो वेगळा, किंवा शॅडोभोवती फिकट चौकोन दिसतो.
- सकाळी ओके केलेली शेड दुपारी हललेली.
- शीटच्या डाव्या बाजूला गडद, उजव्या बाजूला फिका.
- मागच्या महिन्यात मस्त आलेली तीच फाइल, तोच पेपर, आज वेगळा रंग.
- प्रिंट बरोबर होतं, लॅमिनेशन झाल्यावर बदललं.

आता यावर बहुतेक जण काय करतात तर रिपमध्ये (फाइल मशीनला छापता येईल अशी करून देणारं सॉफ्टवेअर) जाऊन स्पॉट कलर एडिटर उघडतात आणि मॅजेंटा दोन टक्के कमी, यलो तीन टक्के जास्त असं सुरू करतात. मीही तेच करायचो. एकदा एक लाल मी आठवडाभरात सहा वेळा एडिट केला, रोज थोडा थोडा, आणि सातव्या दिवशी लक्षात आलं की ट्रेमध्ये कोटेड (लेप दिलेला, गुळगुळीत) पेपर होता आणि सेटिंग प्लेन पेपरचं. सेटिंग बरोबर केल्यावर प्रिंट सुधारली आणि माझा सहा वेळा ताणलेला लाल पार विटकरी झाला. तेव्हापासून रेसिपीला हात लावायचं काम सगळ्यात शेवटी, त्याच्या आधी खालचं सगळं याच क्रमाने.

१. बघताय कशाखाली आणि कशाशी

याला काही खर्च नाही, दोन मिनिटं लागतात, आणि निम्मी भांडणं इथेच मिटतात.

पँटोनच्या पंख्यातला (नंबर दिलेल्या शेड्सच्या पट्ट्यांचं पुस्तक) रंग म्हणजे आधीच मिसळून तयार केलेली एकच शाई. आपल्या मशीनवर तोच रंग चार टोनरचे ठिपके एकमेकांवर आणि शेजारी पडून तयार होतो. दोन्ही गोष्टी मुळात वेगळ्या असल्यामुळे एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात, याला मेटामेरिझम म्हणतात. ट्यूबलाइटखाली परफेक्ट दिसलेला राखाडी खिडकीजवळ नेला की हिरवा मारतो तो यामुळेच, मशीनने मधल्या वेळात काही केलेलं नसतं. छपाई बघण्यासाठीचं स्टँडर्ड आयएसओ ३६६४ आहे, त्यात डी५० म्हणजे ५००० केल्विनचा उजेड सांगितलाय, आणि बारकाईने तुलना करायची तर २००० लक्सच्या आसपास. व्ह्यूइंग बूथ असेल तर उत्तम, नसेल तर निदान एकच जागा आणि एकच दिवा ठरवून टाका आणि कस्टमरलाही तिथेच उभं करून दाखवा. "डेलाइट" लिहिलेल्या साध्या ट्यूब बऱ्याचदा ६५०० केल्विनच्या असतात, त्याखाली सगळंच निळसर दिसतं.

बघायची पद्धतही सांगतो. न्यूट्रल राखाडी कार्डाचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकाला सारख्या मापाची खिडकी कापा, एक स्वॅचवर (रंगाच्या नमुन्यावर) ठेवा, एक प्रिंटवर, आणि कडेला कड लावून बघा. मध्ये पांढरी पट्टी राहिली की डोळा फसतो. शेजारी दुसरा भडक रंग असला तरी फसतो. आणि एकटक बघत बसू नका, पाच-सहा सेकंदांत जे वाटतं तेच खरं, त्यानंतर डोळा जुळवून घ्यायला लागतो.

मग पंखा कुठला आहे ते बघा. सी (कोटेड पेपर) आणि यू (अनकोटेड पेपर) यांत शाईचा फॉर्म्युला तोच असतो, फरक फक्त कागदाचा, पण दिसायला कधीकधी दोन वेगळे रंग वाटतात. कस्टमरने सी सांगितलाय आणि पेपर अनकोटेड निवडलाय, तर मशीनवर राग काढून उपयोग नाही. पंखा जुना असला तर पानं पिवळी पडतात, रंग उडतो, पँटोन स्वतःच १२ ते १८ महिन्यांनी बदला म्हणतं. दरवर्षी कोणी बदलत नाही हे मलाही माहितीये, निदान खिडकीत किंवा मशीनच्या गरम झाकणावर ठेवू नका.

आणि कस्टमर पंख्याऐवजी जुनं कार्ड घेऊन आला तर ते उलटसुलट करून बघा. लॅमिनेटेड आहे का, पाकिटात राहून पिवळं पडलंय का, आधी कुणीतरी डिजिटलवरच छापलेलं आहे का. मोबाईलच्या स्क्रीनवरचा रंग मी रेफरन्स म्हणून घेतच नाही.

२. फाइलमध्ये स्पॉट खरंच स्पॉट आहे का

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

पीडीएफमध्ये स्पॉट कलर दोन गोष्टी घेऊन येतो, एक त्याचं नाव आणि दुसरी एक पर्यायी रेसिपी, म्हणजे नाव ओळखता आलं नाही तर हे वापरा अशी. रिप काय करतं, नाव आपल्या लायब्ररीत शोधतं, सापडलं तर त्या नावापुढची लॅब व्हॅल्यू (कुठल्याही मशीनवर न अवलंबणारे रंगाचे आकडे) घेऊन आपल्या मशीनच्या प्रोफाइलमधून (आपलं मशीन त्या पेपरवर कसे रंग देतं त्याची नोंद) त्या पेपरसाठी सीएमवायके (चार टोनरचं प्रमाण) काढतं. नाही सापडलं तर गुपचूप पर्यायी रेसिपी वापरतं. एरर येत नाही, लाल दिवा लागत नाही, फक्त रंग चुकतो.

आणि नाव म्हणजे अक्षरशः नाव. स्पेस, कॅपिटल अक्षरं, शेवटचा सी, सगळं जुळावं लागतं. जुन्या फाइलींमध्ये शेवटी सीव्हीसी असतं, कुणी सी ऐवजी पूर्ण "कोटेड" लिहितं, कुणी स्वॅचला "आमचा लाल" असं नाव देऊन ठेवतं. २०२२ च्या शेवटी अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून बहुतेक पँटोन पुस्तकं काढली गेली, तेव्हापासून हाताने केलेले स्वॅच फार यायला लागलेत आणि त्यात नावं वाट्टेल तशी असतात.

अॅक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रीव्ह्यू उघडा. सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक याखाली तुमचा स्पॉट स्वतंत्र प्लेट म्हणून दिसतोय का? नसेल तर डिझायनरने आधीच सीएमवायके करून पाठवलंय, रिपला स्पॉट कळायचा प्रश्नच नाही. दिसत असेल तर नावाचं एकेक अक्षर वाचा. एकाच रंगाचे दोन स्पॉट दिसले, एक सी आणि एक यू, तर समजा फाइल दोन ठिकाणांहून कॉपी-पेस्ट करून जोडलीय.

तरी शंका राहिली तर माझी एक जुनी टेस्ट आहे, भारी कामाची. एक नवीन स्वॅच करा, टाइप स्पॉट, नाव अगदी बरोबर द्यायचं, समजा पँटोन १८५ सी, जो लाल आहे, पण त्याची सीएमवायके व्हॅल्यू मुद्दाम सायन १०० यलो १०० ठेवायची, म्हणजे हिरवा. त्याचा एक चौकोन काढा, स्पॉट तसाच ठेवून पीडीएफ करा आणि प्रिंट द्या. लाल आला तर रिप नाव ओळखतंय, नाव आणि लायब्ररीची बाजू क्लिअर. हिरवा आला तर रिप पर्यायी रेसिपी वापरतंय, म्हणजे एकतर नाव लायब्ररीत नाही किंवा स्पॉट कलर मॅचिंगचा ऑप्शनच बंद आहे. एक शीट, एक मिनिट, आणि वाद संपला.

वेगळा दिसणारा दुसरा लोगो बहुतेक वेळा इमेज असतो. पीएनजी, आरजीबी, स्पॉटशी काही संबंध नाही, तो वेगळ्या वाटेने कन्व्हर्ट होतो. व्हेक्टर (रेषांनी काढलेला) लोगो मागवा, दुसरा इलाज नाही. शॅडोभोवतीचा चौकोन ट्रान्सपरन्सी (पारदर्शक थर) फ्लॅटन, म्हणजे एकाच थरात सपाट, होताना पडतो, एक भाग स्पॉट राहतो आणि एक सीएमवायके होतो. शक्य असेल तर पीडीएफ एक्स-४ मागवा, त्यात ट्रान्सपरन्सी जिवंत राहते, आणि रिपमध्ये कंपोझिट ओव्हरप्रिंटचा ऑप्शन चालू आहे का बघा.

३. हा रंग आपल्या मशीनला जमणारा आहे का

हे लवकर विचारायचं, कारण उत्तर "नाही" आलं तर पुढची सगळी मेहनत वाचते. रिपच्या स्पॉट एडिटरमध्ये बहुधा त्या रंगापुढे डेल्टा ईचा आकडा (दोन रंगांतला फरक) किंवा गॅमटच्या (मशीनला जमणाऱ्या रंगांच्या कक्षेच्या) बाहेर असल्याची खूण दिसते. डेल्टा ई २००० या सूत्राने २ च्या आत असेल तर शेजारी ठेवूनही फार कमी लोकांना कळतो, ३-४ ला मोठ्या सॉलिडमध्ये (पूर्ण भरलेल्या रंगात) कस्टमर बोट ठेवतो, आणि ६-७ च्या पुढे असेल तर चार टोनरमध्ये तो रंगच नाहीये. हे माझे कामाचे ठोकताळे आहेत, कॉन्ट्रॅक्टमध्ये आकडा लिहिलेला असेल तर तोच खरा.

ऑरेंज ०२१, रिफ्लेक्स ब्लू, चकचकीत हिरवे, हे नेहमीचे गुन्हेगार. पँटोन ८०१ ते ८०७ निऑन आहेत आणि ८७१ ते ८७७ मेटॅलिक, हे चार रंगांत होतच नाहीत, प्रयत्नही करू नका. मशीनला पाचव्या टोनरचं स्टेशन असेल किंवा ऑरेंज, ग्रीन, व्हायोलेट असा वाढीव सेट असेल तर गोष्ट वेगळी. कस्टमरला समजवायला कलर ब्रिजचा पंखा कामाला येतो, त्यात स्पॉट आणि त्याचा सीएमवायके शेजारी शेजारी छापलेला असतो, आपल्याला बोलावंच लागत नाही.

गॅमटच्या बाहेरच्या रंगात माझं मत असं की चमक थोडी गेली तरी चालेल पण रंग दुसरीकडे झुकायला नको. निळा जरा डल आला तर लोक एकवेळ ऐकून घेतात, जांभळा आला की शीट परत. म्हणून अशा निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवायचा, मग कॅलिब्रेशन (टोनर ठरलेल्या पातळीवर आणणं) जरा हललं तरी जांभळ्यात जात नाही. यात डेल्टा ई कधीकधी वाढलेला दिसेल, दिसू दे.

४. ट्रे, पेपर, हवा

वर सांगितलेली माझी फजिती. मीडिया टाइप आणि जीएसएम (कागदाचं वजन) यावरून मशीन फ्यूजरचं (टोनर वितळवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाचं) तापमान आणि टोनर कागदावर ओढणारा व्होल्टेज ठरवतं, आणि बऱ्याच सेटअपमध्ये रिप कुठलं प्रोफाइल लावायचं तेही त्यावरूनच ठरवतं. म्हणजे एक चुकीची एंट्री दोन ठिकाणी रंग बिघडवते. ट्रेचं सेटिंग, जॉबचं सेटिंग आणि पाकिटावरचं लेबल, तिन्ही एकदा वाचा.

नवीन लॉटचा पेपर जुन्या शीटशेजारी ठेवून बघा. जास्त ब्राइटनर (पांढरेपणा वाढवणारं रसायन) असलेला पेपर निळसर पांढरा दिसतो, त्यावर फिके रंग आणि राखाडी लगेच हलतात. उघडी पडलेली रीम दमट होते, दमट पेपरवर टोनर नीट बसत नाही, सॉलिडमध्ये ठिपके ठिपके दिसतात. रूममध्ये आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, आणि बाहेरून आणलेला पेपर पाकिटातच ठेवून रूमच्या तापमानाला येऊ द्या, लगेच फोडू नका.

५. गरम करा, मग कॅलिब्रेट करा

क्रम महत्त्वाचा. थंड मशीनवर कॅलिब्रेशन केलं तर थंड मशीनचं कॅलिब्रेशन होतं, आणि तासाभराने मशीन वेगळं वागतं. "सकाळी ओके, दुपारी बिघडलं" याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. मी आधी २५-३० शीट भरगच्च कव्हरेजचे काढतो, मग मशीनचं स्वतःचं डेन्सिटी अॅडजस्टमेंट, आणि मग रिपचं कॅलिब्रेशन, तेही ज्या पेपरवर जॉब आहे त्याच कॅलिब्रेशन सेटवर. मोठा जॉब मध्येच लंच ब्रेकला थांबवला तर नंतरचे पहिले काही शीट बाजूला काढा.

रंग मोजायचं यंत्र वापरताय तर त्याची पांढरी टाइल पुसा आणि टाइलवरचा सिरीयल नंबर यंत्राच्या नंबरशी जुळतोय का बघा. दोन यंत्रं असलेल्या ठिकाणी टाइलवाले बेस अदलाबदल झालेले मी स्वतः पाहिलेत, आणि तिथे दोन्ही यंत्रं खराब म्हणून बाजूला ठेवलेली होती! पातळ कागद मोजताना खाली त्याच कागदाचे चार-पाच कोरे शीट ठेवा, नाहीतर टेबलाचा रंगही मोजला जातो. आणि ब्राइटनरवाल्या पेपरवर एम०, एम१, एम२ यातला मोड (मोजताना यंत्र कुठला उजेड धरतं ते) बदलला की आकडे बदलतात, म्हणून दुसऱ्याने पाठवलेली लॅब व्हॅल्यू कुठल्या मोडची आहे ते विचारल्याशिवाय तुलना करू नका.

एक समजून घ्या, कॅलिब्रेशन फक्त चारही टोनरना वेगवेगळं त्यांच्या ठरलेल्या जागेवर आणतं. लालमध्ये मॅजेंटा आणि यलो एकावर एक बसून काय रंग होतो ते प्रोफाइलचं काम आहे. म्हणून कॅलिब्रेशन पास होऊनही शेड चुकू शकते.

६. शीटवर कुठेही सारखा येतो का

पूर्ण शीटवर ५० टक्क्यांचा सपाट टिंट (फिकी छटा) काढा, चारही रंगांचा वेगवेगळा. डावं, मधलं, उजवं मोजा किंवा नुसतं बघा. मग तीच फाइल १८० अंशात फिरवून पुन्हा प्रिंट करा. गडद बाजू फाइलबरोबर फिरली तर दोष फाइलमध्ये, जागच्या जागी राहिली तर मशीनमध्ये. मशीनमध्ये असेल तर रिपमधली कुठलीही रेसिपी कामाची नाही, कारण डावीकडे जुळवलं की उजवीकडे बिघडणार. जॉब अगदीच अडला असेल तर इम्पोझिशन (शीटवरची मांडणी) असं लावा की सगळे लोगो शीटच्या एकाच उभ्या पट्ट्यात पडतील. शीट जास्त लागतात, पण गठ्ठ्यातलं प्रत्येक कार्ड सारखं निघतं.

७. आता एडिटर उघडा

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच. आधी आत्ताचा डेल्टा ई लिहून ठेवा. मग शेजारच्या शेड्सचा पॅटर्न प्रिंट करा, बऱ्याच रिपमध्ये ही सोय असते, फायरी या रिपमध्ये स्पॉट-ऑन या भागात मिळते, मधला चौकोन म्हणजे आत्ताची रेसिपी आणि बाजूचे थोडे थोडे बदललेले. स्टेप २-३ टक्क्यांची. राखाडी कार्डाची खिडकी लावून त्यातला सगळ्यात जवळचा निवडा, त्याला मधला करा, पुन्हा प्रिंट. दोन, फार तर तीन फेऱ्यांत झालं पाहिजे, नाही झालं तर वरचं काहीतरी चुकलेलं आहे, मागे जा.

कूल ग्रे वगैरे राखाडीत वेगळी युक्ती, त्यात काळा वाढवायचा आणि सायन-मॅजेंटा-यलो कमीत कमी ठेवायचे. तीन रंगांतून बनलेला राखाडी त्यातला एक जरा हलला की लगेच गुलाबी किंवा हिरवा होतो, काळ्यातून बनलेला फार तर गडद किंवा फिका होईल, रंग बदलणार नाही. ठिपके थोडे जास्त दिसतात, तेवढं चालतं.

डिझाइनमध्ये त्याच स्पॉटचे टिंट असतील तर ५० आणि २० टक्केही काढून बघा, सॉलिड जुळला म्हणून टिंट जुळेलच असं नाही. लॅमिनेशन करायचं असेल तर प्रूफवर (मंजुरीच्या नमुन्यावर) तीच फिल्म लावूनच ओके घ्या, मॅटने गडद रंग फिके पडतात आणि ग्लॉसने आणखी खोल होतात.

मूळ लायब्ररीवर ओव्हरराइट करू नका. वेगळ्या ग्रुपमध्ये सेव्ह करा आणि वहीत पेपर, तारीख, कॅलिब्रेशन सेट लिहून एक ओके शीट अंधाऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवा. "मागच्या महिन्यात बरोबर होतं" या तक्रारीला तो शीटच उत्तर देतो.

८. प्रोफाइल

एखादाच स्पॉट चुकतोय तर प्रोफाइलकडे जाऊ नका. पाच-सहा वेगवेगळे स्पॉट एकाच दिशेने झुकलेत, किंवा पेपरच नवीन आहे, तरच नवीन प्रोफाइल. प्रोफाइलसाठी मोजायच्या नेहमीच्या आयटी८.७/४ चार्टमध्ये १६१७ पॅचेस (रंगाचे चौकोन) असतात, हाताने मोजायचे म्हणजे अर्धा दिवस गेला. पूर्वी केलेलं नसेल तर पहिल्यांदा कलरचं काम करणाऱ्या माणसाकडून करून घ्या, चुकीचं प्रोफाइल सगळेच जॉब बिघडवतं.

कुठे थांबायचं

गरम मशीनवर दोनदा कॅलिब्रेशन करूनही एखादा रंग टार्गेट डेन्सिटीला पोचत नाही, ५० शीटच्या आतच शेड सरकते, पट्टे पडतात, डाव्या-उजव्या बाजूचा फरक मशीनच्या नेहमीच्या अॅडजस्टमेंटने जात नाही, ठरावीक अंतराने तोच डाग परत येतो, किंवा टोनर बोटाने पुसला जातो, यातलं काहीही असेल तर सर्व्हिस इंजिनिअर. ड्रम, डेव्हलपर, ट्रान्सफर बेल्ट, फ्यूजर यातलं काहीतरी असतं आणि आत हाय व्होल्टेज आहे, फ्यूजर भाजण्याइतका गरम असतो, तेव्हा मॅन्युअलमध्ये ऑपरेटरसाठी दिलंय तेवढंच उघडा.

मेटॅलिक, निऑन, किंवा कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेली टॉलरन्स (चालणारा फरक) रिपच्या अंदाजातच बसत नाही असं काम असेल तर सरळ ऑफसेटला पाठवा आणि कस्टमरला प्रूफच्या आधी सांगा, नंतर नाही.

इंजिनिअर यायच्या आधी चारही रंगांचे सपाट टिंटचे शीट, शेवटचा कॅलिब्रेशन रिपोर्ट आणि काउंटर रीडिंग काढून ठेवा. डाग ठरावीक अंतराने येत असेल तर दोन डागांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, ते अंतर म्हणजे कुठल्यातरी रोलरचा किंवा ड्रमचा घेर, इंजिनिअरला त्यावरून लगेच पार्ट कळतो. आणि प्रत्येक शीटवर पेनने बाण काढा, मशीनमधून कुठली कड आधी बाहेर आली त्याचा, ते शीट गठ्ठ्यात मिसळायच्या आत.